खोली नंबर नऊच्या पुढचा ताप

आमच्या घरात ताप बघायची एकच रीत होती. आई हातातलं काम बाजूला ठेवायची, हात पदराला पुसायची आणि पालथा हात आधी कपाळाला, मग गळ्याखाली लावायची. "कनकन हाय" किंवा "फनफनलंय पोर" एवढे दोनच निकाल असायचे. पहिल्या निकालाला शाळेत जावं लागायचं, दुसऱ्याला घोंगडीत पडून राहायला मिळायचं. तिचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

थर्मामीटर मी पहिल्यांदा हातात धरला तो नगरला, कॉलेजच्या वसतिगृहात. आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आजारी पडलो म्हणून नव्हे, तर आमच्या मजल्यावरच्या बत्तीस मुलांचा ताप मोजायचं काम माझ्याकडे आलं म्हणून.

दुष्काळाचं वर्ष होतं. जानेवारी संपत आला होता. सकाळी बोचरी थंडी, दुपारी डोळ्यात जाणारी धूळ आणि सगळीकडे पाण्याची ओरड. शहरात फ्लू आलाय असं आम्ही ऐकत होतो, पण शहर म्हणजे आमच्या लेखी कॉलेजच्या फाटकाबाहेरची गोष्ट. मग एका बुधवारी मेसच्या रांगेत एक मुलगा ताटासकट खाली बसला तो उठेचना. संध्याकाळपर्यंत आणखी सहा जण अंथरुणात. गुरुवारी मेसचा आचारीच आला नाही.

त्या दिवशी प्राचार्यांनी नोटीस लावली. ती नोटीस मला जवळजवळ पाठ झाली होती, कारण तिच्या चार प्रती मीच काढल्या होत्या. माझं अक्षर बरं होतं. वसतिगृह बंद करणार नाही, असं तिच्यात पहिलंच वाक्य होतं. मुलं एसटीत बसून गावोगावी गेली तर साथ सगळ्या तालुक्यांत पोचेल, म्हणून कुणीही गावी जायचं नाही. वसतिगृहातल्या मुलांनी वर्गात यायचं नाही. त्यांचे तास मैदानाकडेच्या लिंबाखाली, एकेक हात अंतर सोडून. ज्यांचे डबे गावाहून एसटीने येतात त्यांनी भाकरी-कालवण फाटकावर आपल्या ताटात ओतून घ्यायचं आणि डबा तिथंच ठेवायचा, परत पाठवायचा नाही. दोन दिवसांत फाटकाजवळ ॲल्युमिनियमच्या आणि पितळी डब्यांचा ढीग झाला. घरच्यांना वाटलं असेल, पोरं डबेसुद्धा विकून खायला लागली.

जिमखान्याच्या हॉलमधलं टेबल टेनिसचं टेबल बाहेर काढलं आणि भिंतीकडेनं दोन रांगांत गाद्या टाकल्या. ज्याला ताप त्याची रवानगी तिथं. ताप उतरल्यावरही तीन दिवस बाहेर सोडायचं नाही, हा नियम. हॉलच्या दाराला बाहेरून कडी असायची.

आमच्या रेक्टरसरांनी प्रत्येक मजल्यासाठी एक मुलगा नेमला. ते अर्थशास्त्र शिकवायचे आणि त्यांचा नोंदींवर फार विश्वास होता. वरच्या मजल्यासाठी त्यांनी मला बोलावलं. "रोज सकाळी सातला, खोली नंबर एकपासून सुरुवात. काखेत दोन मिनिटं. आकडा रजिस्टरात. शंभरच्या वर गेला की जिमखाना. मग तो कितीही नाही म्हणो."

"हो सर," मी म्हणालो.

थर्मामीटर कसा लावायचा हे कॉलेजच्या दवाखान्याच्या कंपाउंडरने दाखवलं. त्यांच्यापुढे मुलांची रांग होती, त्यांना घाई होती. त्यांनी काचेची नळी जंतुनाशकाच्या पांढरट पाण्यातून काढली, दोन-तीनदा जोरात झटकली, स्वतःच्या काखेत धरल्यासारखं केलं, मग खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पारा दाखवला. "दिसला? प्रत्येकाला लावून झालं की पाण्यात बुडवायची, पुढच्याला लावायची. संध्याकाळी मला आणून द्यायची. फोडू नको, एवढ्याच आहेत. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

नळी झटकली ती पाणी उडवायला, असं मला वाटलं. गावाकडे धुतलेला पेला आपण तसाच झटकतो. झटकताना ती हातातून निसटेल याची मला धास्ती होती, म्हणून मी मनाशी ठरवलं की आपण स्वच्छ फडक्यानं पुसूच. अधिक चांगलं.

विचारायला हवं होतं. पण न कळलेल्या गोष्टीला मान हलवायची सवय मला कॉलेजात आल्यापासून लागली होती. पहिल्या वर्षी ट्युटोरियल म्हणजे काय ते मला दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं आणि मी मान हलवून एकूण एक ट्युटोरियल चुकवलं होतं. आमच्या घरात शिकलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. विचारलं की आपण कुठून आलोय ते उघडं पडतं, असं वाटायचं.

बारा नंबरच्या खोलीत माझा मित्र राहायचा. त्याचं गाव आणि माझं गाव शेवगाव तालुक्यातलं, मध्ये फक्त एक कोरडी नदी. त्याचं घर बौद्धवाड्यात. आम्ही एकाच एसटीनं नगरला आलो होतो, आणि पहिल्या दिवशी सावेडीचा रस्ता कुठला हे विचारायला त्यानं मला पुढं ढकललं होतं. मी अडखळलो म्हणून मग त्यानंच विचारलं. त्याला विचारायची लाज नव्हती. त्याला नागापूरच्या एका कारखान्यातून इंटरव्ह्यूचं पत्र आलं होतं, टाइमकीपरच्या जागेसाठी. सोमवारी सकाळी अकरा वाजता. नोकरी मिळाली असती तर तो सकाळचे तास करून दुपारच्या पाळीला गेला असता, आणि कॉलेज सुटलं नसतं. न मिळाली तर उन्हाळ्यानंतर त्याला परत येता येईल याची खात्री नव्हती. हे तो फारसं बोलायचा नाही, पण मला माहीत होतं.

आदल्या आठवड्यात रोज संध्याकाळी आम्ही गच्चीवर इंटरव्ह्यूची तालीम करायचो. मी साहेब व्हायचो.

"व्हाय डू यू वॉन्ट धिस जॉब?"

"बिकॉज आय ॲम पंक्च्युअल."

"अरे, तो कारण विचारतोय."

"टाइमकीपरला आनखी काय कारन लागतंय? येळेवर येतो म्हनल्यावर बास की."

शुक्रवारी सकाळी सातला मी रजिस्टर, नळीची डबी, पाण्याचा वाडगा आणि धुतलेलं फडकं घेऊन निघालो. कंपाउंडरनं डबी हातात दिली होती, पारा खाली होता. पहिल्या आठ खोल्यांत सगळं ठीक. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तीन नंबर माझी खोली. माझाही ताप मी प्रामाणिकपणे मोजला. प्रत्येकाचं झालं की नळी बुडवायची, हलक्या हातानं पुसायची, पुढं.

नऊ नंबरमधल्या मुलाचा चेहरा लाल होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. पारा एकशे एकावर. त्याचा खोलीतला जोडीदार पलंगावर बसून दात घासत होता. त्यालाही लावला. एकशे एक. दहा नंबरमध्ये दोघेही एकशे एक. अकरा नंबरमधला एक जण खरोखर कण्हत होता. त्याचा एकशे दोन. त्याच्या जोडीदाराचाही एकशे दोन.

मला शंका का आली नाही, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं ते एवढंच, की साथ एक आहे तर ताप सारखाच असणार.

बारा नंबरमध्ये तो अंगात बनियन घालून, डोकं पुसत उभा होता. अंघोळ करून आला होता. मी नळी लावली, दोन मिनिटं मोजली, काढली.

"काय म्हनतोय तुझा पारा?"

"एकशे दोन."

तो हसला. "येड्या, आत्ता हौदावरनं दोन बादल्या पानी वढून आलोय. हात लावून बघ."

मी पालथा हात त्याच्या कपाळाला लावला. कपाळ गार होतं. गळ्याखाली लावला. गार.

"गार लागतंय," मी म्हणालो.

"मग?"

"पाऱ्यात एकशे दोन आहे."

"आरं, हात काय सांगतोय?"

"हाताचं रजिस्टरात कसं लिहू?"

त्याचं हसू मावळलं. "सोमवारी इंटरव्ह्यू हाय, मर्दा. परत लाव."

मी परत लावली. पूर्ण दोन मिनिटं. पारा जिथल्या तिथं, एकशे दोन. मग माझीही शंका गेली. एकदा चूक होईल, दोनदा कशी होईल?

सोळा नंबरपर्यंत एकही मुलगा सुटला नाही. काहींनी आरडाओरडा केला. एक-दोघांना बरंच वाटलं, तास चुकणार म्हणून. आणि गंमत अशी की आकडा ऐकल्यावर दोघांना तिथल्या तिथं थंडी वाजायला लागली. एकूण सोळा जण गाद्या-चादरी घेऊन जिन्यानं उतरले.

रेक्टरसरांनी रजिस्टर बघितलं आणि लाल पेन्सिलीनं नऊ नंबरच्या वर आडवी रेघ मारली. "बघा. एक ते आठ निरोगी. नऊपासून पुढं शंभर टक्के. त्या बाजूला काय आहे?" त्या बाजूला, व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याखाली पाण्याचा हौद होता. "पाणी," सर म्हणाले. "साथीचं मूळ सापडलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुपारी हौदाचं बूच काढलं. टँकरनं चार दिवसांनी आलेलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत गटारातून मैदानात गेलं. मुलं काठावर उभी राहून बघत होती. एक जण खाली बसून त्या वाहत्या पाण्यात पाय धूत राहिला. त्यानंतर आम्ही अर्ध्या मैलावरच्या विहिरीवरून बादल्या आणायला लागलो.

जिमखान्याच्या हॉलला मैदानाकडून गजांच्या खिडक्या होत्या. संध्याकाळी मी खिडकीशी गेलो तर माझा मित्र भिंतीला टेकून इंग्रजी व्याकरण वाचत बसला होता. एका बाजूला खोकणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला ओकणारा. मेसमधून तापाच्या मुलांसाठी लाल रंगाचा ठिपका दिलेली ताटं आली होती.

"आमच्या आज्याचं ताट येगळं असायचं," त्यानं ते ताट मला दाखवलं. "आता माझंबी येगळं केलं बघ. तुझ्या रजिस्टरनं."

तो हे हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो. लगेच थांबलो.

"अंग कसं आहे?"

"काय बी न्हाई. ठणठणीत. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या हुत्या, उद्या बघू म्हनल्या."

शनिवारी त्या सिस्टरनी त्याचा ताप बघितला. अठ्ठ्याण्णव. पण त्यांच्या हातात माझ्या रजिस्टराची नक्कल होती, आदल्या दिवशीचे एकशे दोन. "फ्लूत असंच असतं. उतरतो, परत चढतो. ताप उतरल्यापासून तीन दिवस." म्हणजे मंगळवार. इंटरव्ह्यू सोमवारी.

"तू सरांचा मानूस हायेस," तो मला खिडकीतून म्हणाला. "इचार की. दोन तासांची परवानगी म्हनावं. मी तोंडाला फडकं बांधून जातो आन् येतो."

मी विचारलं. सर म्हणाले, "एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागेल. आणि तुझ्याच नोंदीत एकशे दोन आहे ना त्याला?"

"हो सर."

त्याच सकाळी उरलेल्या खोल्यांतही पाच नंबरमधल्या दुसऱ्या मुलाला खरा ताप निघाला आणि सहा, सात, आठ त्याच्या मागोमाग गेल्या. सरांनी विचारलं, "हे हौदाचं पाणी पीत होते का?" मुलं म्हणाली, सगळेच पितात. सर म्हणाले, "बरोबर."

रविवारी मोजायला उरली होती ती मला धरून नऊ मुलं. सगळे ठीक. संध्याकाळी पाचच्या सुमाराला नळी परत द्यायला दवाखान्यात निघालो, वाटेत जिमखान्याची खिडकी. आत सिस्टर एका फणफणलेल्या मुलाच्या काखेतून नळी काढत होत्या. त्यांनी आकडा लिहिला आणि मग नळी झटकायला लागल्या. एकदा, दोनदा, चारदा. उजेडात धरून बघितलं. परत दोनदा झटकली. नळी अजून पाण्यात बुडवलेलीच नव्हती. कोरडी होती.

"सिस्टर, पाणी कुठंय त्याला?" मी खिडकीतून विचारलं. कसं कोण जाणे, या वेळी विचारलं.

त्या हसल्या. "पाणी नव्हे रे बाळा. पारा उतरवतेय. तो आपण होऊन खाली येत नसतो. नाही उतरवला तर याचा ताप पुढच्याच्या नावावर जायचा."

मी गज धरून उभा राहिलो. नऊ नंबर, दहा, अकरा, बारा. सगळे आकडे डोळ्यांपुढं एकामागून एक उभे राहिले आणि ते चढतच गेले होते, एकदाही खाली आले नव्हते.

माझा मित्र आतून उठून खिडकीशी आला. "काय झालं? तोंड का असं? सर काय म्हनले? सोडत्यात का उद्या?"

त्या वेळी तो बरा होता. डोळे स्वच्छ होते, आवाज नेहमीचा. मी त्याला तिथंच सांगू शकलो असतो.

"बघतो," मी म्हणालो. "परत जातो सरांकडे."

खरंच गेलो. सरांच्या क्वार्टरच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. प्राचार्य होते आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातले एक गृहस्थ होते. चहा चालला होता. मला बघून सर म्हणाले, "हाच तो मुलगा. याच्या नोंदींमुळे आपल्याला दिशा मिळाली." प्राचार्यांनी माझं गाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं. "शेतकऱ्याचा मुलगा," ते आरोग्य खात्यातल्या गृहस्थांना म्हणाले, "पण काम बघा कसं चोख." त्या गृहस्थांनी रजिस्टर मागून घेतलं, पानं उलटली आणि मान डोलावली.

"काय रे, काही हवं होतं?" सरांनी विचारलं.

तिघेही माझ्याकडे बघत होते. प्राचार्यांनी माझ्याशी बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

"नाही सर. सहज आलो होतो."

परत जाताना मी जिमखान्याच्या मागून गेलो, खिडक्यांच्या बाजूनं नाही. पाहुणे गेल्यावर सांगू, असं मनाशी म्हटलं. मग म्हटलं, पहाटे सांगू. अकराचा इंटरव्ह्यू आहे, नागापूर काही लांब नाही, सायकलवर अर्धा-पाऊण तास. वेळ आहे. असं मी स्वतःला पटवलं, आणि ते पटलंही.

सोमवारी सकाळी सहाला मी सरांच्या दारात उभा होतो. ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी आत जाऊन रजिस्टर आणलं आणि पानावरून बोट खाली नेत राहिले.

"मी आकड्यांचा विषय शिकवतो," ते हळू म्हणाले. "हे मला दिसायला हवं होतं. कुठलाही आकडा असा नुसता चढत नाही." मग विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही सर."

"सांगू नकोस. आज हे फुटलं तर उद्या एक मुलगा थर्मामीटर लावू देणार नाही, आणि जे खरे आजारी आहेत ते खोल्यांत लपून बसतील. हौद भरून घेऊ. कारण सांगायचं नाही."

मी बारा नंबरच्या मुलाचं सांगितलं. इंटरव्ह्यूचं. सर तोंड धुऊन तसेच माझ्याबरोबर निघाले. जिमखान्याची कडी त्यांनी स्वतः काढली.

तो भिंतीकडे तोंड करून, अंगावर दोन चादरी घेऊन पडला होता. सिस्टर म्हणाल्या, "याला पहाटेपासून ताप भरलाय. एकशे दोन." मी न राहवून पुढं होऊन त्याच्या कपाळाला पालथा हात लावला. हात भाजला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "काल संध्याकाळी सोडला असता तरी ताप यायचा तो आलाच असता. जंतू आधीच अंगात गेलेले असणार." हे खरं असेल. नंतर एका डॉक्टरांनाही मी विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. पण जंतू त्याच्या अंगात गेले ते त्या हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये त्याला मी पाठवला. आणि ताप चढायच्या आत, काल संध्याकाळी, त्याच्यासाठी काहीतरी करायला अख्खी एक संध्याकाळ होती. सरांना मी काल संध्याकाळचं सांगितलं नव्हतं. आत्ताच, सकाळी कळलं, असंच त्यांनी धरलं असावं, नाहीतर काल ओट्यावर माझं नेमकं काय अडलं होतं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी विचारलं नाही.

सरांनी कॉलेजच्या कागदावर कारखान्याच्या नावे पत्र लिहिलं: हा विद्यार्थी फ्लूनं आजारी असल्यानं आज उपस्थित राहू शकत नाही, तरी त्याला दुसरी तारीख द्यावी. आता ते पत्र खोटं नव्हतं. मी सरांचीच सायकल घेऊन नागापूरला निघालो.

फाटकावरच्या वॉचमननं कॉलेजचं नाव ऐकलं आणि दोन पावलं मागं झाला. "साथ लागल्यालं कॉलेज न्हवं का ते? तिथंच थांब. चिठ्ठी त्या दगडावर ठेव. वर खडा ठेव, उडंल. आता व्हो लांब."

मी लांब झालो. तो चिठ्ठी रुमालात धरून आत गेला. बऱ्याच वेळानं चष्मा लावलेले एक कारकून फाटकापर्यंत आले. बोलायला चांगले होते.

"बाकीचे उमेदवार आत बसलेत बघ. साहेब म्हणाले, पत्र फाइलला ठेवा. बरा झाला की कळवू."

"तारीख?"

"कळवू म्हटलं ना. जा, ऊन व्हायच्या आत पोच."

परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सायकल लावली आणि सरळ खिडकीशी गेलो. तो जागा होता, ओठ सुकलेले. मी सगळं सांगितलं. पाऱ्याचं, फडक्याचं, नऊ नंबरचं. सरांनी सांगू नको म्हटलं होतं, तरी त्याला सांगितलं. कारखान्याच्या फाटकावरचं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"म्हंजी मला ताप न्हवता," तो म्हणाला.

"नव्हता."

"मी म्हनलं हुतं तुला."

"हो."

त्यानं डोळे उघडले. "कवा कळलं तुला हे?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या, कुणाला काही ठाऊक नव्हतं. मी तेवढं म्हणायला तोंड उघडलंही.

"काल संध्याकाळी," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. "मी हितं उभा ऱ्हाऊन तुला इचारलं तवा?"

"त्याच्या जरा आधी."

"आन् तू बघतो म्हनलास."

"हो."

त्यानं चादर डोक्यावरून ओढली आणि भिंतीकडे वळला. मी तिथं उभा राहिलो, सिस्टर येऊन "अरे, उन्हात काय उभा आहेस, तूही पडशील," म्हणेपर्यंत.

साथ पुढं पंधरा-वीस दिवस चालली आणि ओसरली. मी नळी झटकायला शिकलो, रोज झटकली, रोज दोनदा उजेडात धरून बघितली. तो आठव्या दिवशी बाहेर आला, गालफडं बसलेली. मेसमध्ये माझ्यासमोर ताट घेऊन बसला, जेवला. बोलणं बंद केलं नाही त्यानं. सरांजवळ किंवा मुलांत माझी चुगलीही केली नाही. कारखान्याचं पत्र आलं नाही. एप्रिलमध्ये परीक्षा झाली आणि आम्ही एकाच एसटीनं गावी गेलो. वाटेत तो झोपला होता, किंवा तसं दाखवत होता.

मे महिन्यात मी त्याच्या गावी गेलो. घरी त्याची आई होती. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "रस्त्याच्या कामावर लागलाय हजेरीला. शिकल्याला हाय म्हनून मुकादमानं मापं घ्यायला ठिवलाय." कामावरचे लोक शेवगावच्या रस्त्याकडेला माती काढत होते, ओळीनं खड्डे खणलेले. तो डोक्याला टॉवेल बांधून, हातात वही आणि मोजपट्टीची गुंडाळी घेऊन उभा होता. मला बघून चेहऱ्यावर काही आलं नाही, आणि काही गेलंही नाही.

"जूनला येणार ना?" मी विचारलं.

"हितलं काम चाललंय तवर न्हाई." मग खड्ड्याकडे बघत म्हणाला, "आलाच हायेस तर पट्टीचं टोक धर. पोरगं आज आलं न्हाई."

मी टोक धरलं. खड्ड्याच्या कडेला टेकवून उभा राहिलो. तो पट्टी ताणत दुसऱ्या कडेला गेला, पण आकडा वाचायच्या आधी पट्टी खाली ठेवून खड्ड्याला वळसा घालून माझ्याकडे आला. वाकून बघितलं, माझं टोक शून्यावर, नेमकं कडेला आहे का. मग परत गेला, वाचलं, वहीत लिहिलं. दुसऱ्या खड्ड्यालाही तसंच. तिसऱ्यालाही.

खड्डे बरेच होते. दुपार होत आली होती. मी म्हणालो नाही की इतकं चालू नकोस, नीट धरलंय मी. टोक धरून उभा राहायचो, आणि तो येऊन बघून जाईपर्यंत हात हलू द्यायचो नाही.